सीटीत डाय देताना वारंवार ‘प्रेशर लिमिट’ येतं? सिरिंजपासून शिरेपर्यंत काय तपासायचं

तक्रार नेहमीची आहे. सीटी पल्मनरी अँजिओ (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) लावलाय, डाय म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणारं आयोडीनचं औषध शिरेत ढकलणाऱ्या इंजेक्टरवर सेकंदाला ४ मिलीचा वेग घातलाय, बटण दाबलं आणि दोन-तीन सेकंदांतच पडद्यावर ‘प्रेशर लिमिट’. कधी इंजेक्टर थांबतो. कधी थांबत नाही, पण प्रेशर मर्यादेत ठेवण्यासाठी आपणहून वेग उतरवतो, आणि चित्रं आल्यावर कळतं की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या राखाडीच राहिल्या आहेत. कधी मधला जोड सुटतो आणि डाय पेशंटच्या गाऊनवर आणि गॅन्ट्रीवर (सीटीच्या गोल चौकटीवर) उडते. आणि कधी ती शिरेबाहेर जाऊन हात सुजतो.

पहिला फोन बहुतेक वेळा इंजेक्टरच्या इंजिनिअरला जातो. तो मुंबईहून किंवा पुण्याहून येतो, पाण्यावर टेस्ट घेतो, मशीन ठीक असल्याचं सांगतो आणि परत जातो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सीटीवर काम करणाऱ्या माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांनी हे चक्र पाहिलंय. म्हणून माझं म्हणणं आधीच मांडतो: दोष क्वचित मशीनचा असतो. सिरिंजपासून शिरेपर्यंत आपण जे जे एकमेकाला जोडतो, त्यातला सर्वांत अरुंद किंवा सर्वांत कच्चा तुकडा हा दोष घडवतो. आणि तो तुकडा सीटीच्या टेबलावर निवडलेला नसतो. तो काही तास आधी, कॅज्युअल्टीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, सलाईन लावताना निवडला गेलेला असतो.

आपल्याकडे याची किंमत जास्त आहे. स्कॅन वाया गेला तर पेशंटला आंबा घाटातून कोल्हापूर गाठायचं असतं, नाहीतर गोव्यात बांबोळीला जायचं असतं. तिथे परत डाय. पावसाळ्यात लेप्टोचे पेशंट येतात, त्यांच्या किडन्या आधीच थकलेल्या असतात. त्यांना दुसऱ्यांदा डाय देण्याची वेळ आपण सोबत चुकीची नळी लावून पाठवल्यामुळे येऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

प्रेशर नेमकं कुठे असतं

पडद्यावरचा आकडा शिरेतला नसतो. इंजेक्टर ३०० किंवा ३२५ पीएसआयपर्यंतची मर्यादा ठेवू देतो. ३०० पीएसआय म्हणजे साधारण २० बार, हवेच्या दाबाच्या वीसपट. एवढा दाब शिरेत गेला असता तर शीर टिकलीच नसती. हा दाब सिरिंजच्या तोंडाशी असतो आणि लांब ट्यूबिंग, तिथून एक्स्टेन्शन, तिथून इंट्राकॅथची (शिरेत बसवलेल्या कॅन्युलाची) बारीक नळी, यांतून घट्ट डाय ढकलण्यातच तो जवळजवळ सगळा खर्च होतो. म्हणजे ‘प्रेशर लिमिट’ हा संदेश मार्गाबद्दल बोलतो, शिरेबद्दल फार थोडं सांगतो.

नळीच्या आतल्या व्यासाचा परिणाम किती मोठा असतो ते एकदा हिशोब करून बघा. २० गेजच्या गुलाबी इंट्राकॅथचा आतला व्यास सुमारे ०.८ मिमी आणि २२ गेजच्या निळ्याचा सुमारे ०.६ मिमी धरू. गेजचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक; मापात कंपनीगणिक थोडा फरक असतो. डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही. पण प्रवाहाला होणारा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.८ ला ०.६ ने भागून चौथा घात घेतला तर उत्तर येतं ३ च्या थोडं वर. म्हणजे त्याच वेगासाठी निळ्यातून ढकलायला तिप्पट जोर. इतक्या वेगवान प्रवाहात हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा हीच राहते. लांबीचा परिणाम मात्र सरळ पटीत असतो. म्हणून निळा २५ मिमीचा आणि गुलाबी ३२-३३ मिमीचा असला तरी आखूडपणाने निळ्याचा तोटा भरून निघत नाही.

टोकातून बाहेर पडणाऱ्या धारेचा वेगही याच मापांतून काढता येतो. सेकंदाला ४ मिली गुलाबीतून सोडले तर धार सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने निघते. निळ्यातून तोच वेग मागितला तर सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. ही धार समोरच्या शिरेच्या भिंतीवर आदळते आणि तिच्या प्रतिक्रियेने नळीचं टोक मागे उसळतं. शीर आधीच दोनदा टोचलेली असेल, टोक भिंतीला टेकलेलं असेल किंवा समोर झडप असेल, तर डाय बाहेर जाण्याची सुरुवात इथे होते. टोकाजवळ बाजूला छोटी छिद्रं असलेले खास इंट्राकॅथ मिळतात. त्यांत ही धार वाटली जाते आणि बारीक गेजमधूनही जास्त वेग मिळतो. महाग आहेत, सगळीकडे मिळत नाहीत. पण केमोथेरपी झालेल्या, शिरा संपत आलेल्या पेशंटसाठी सेंटरने थोडे तरी ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

पाकिटावरचा आकडा

एक गैरसमज आधी दूर करतो, कारण त्यावरून सिस्टर आणि टेक्निशियन यांच्यात नाहक वाद होतात. इंट्राकॅथच्या पाकिटावर ‘मिली प्रति मिनिट’ असा आकडा असतो. गुलाबीवर साधारण ६० च्या आसपास, निळ्यावर ३५ च्या आसपास. कोणीतरी तो ६० ने भागतं आणि म्हणतं, गुलाबीतून तर सेकंदाला १ मिलीच जातं, मग तुम्ही ४ कसे मागता? तो आकडा ठरावीक उंचीवरून नुसत्या गुरुत्वाकर्षणाने पाणी सोडून मोजलेला असतो. सलाईन किती वेगाने जाईल ते त्यावरून कळतं. इंजेक्टरसाठी वेगळी माहिती बघायची: पाकिटावर किंवा आतल्या कागदावर पॉवर इंजेक्शनसाठी परवानगी आहे का, कमाल दाब किती पीएसआय, आणि कमाल वेग सेकंदाला किती मिली. काही लिहिलेलंच नसेल तर तो इंट्राकॅथ इंजेक्टरसाठी नाही असं धरायचं. खरेदीच्या वेळी स्टोअरमधल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, कारण दोन पाकिटं एकाच रंगाची, किमतीत थोडा फरक, आणि स्वस्त असेल ते मागवलं जातं.

आकड्यांबाबत आम्ही जो नियम पाळतो तो असा. कंपनीची मर्यादा याहून कमी असेल तर कंपनीची खरी. हिरवा १८ गेज सेकंदाला ५ ते ६ मिलीपर्यंत. गुलाबी २० गेज ४ पर्यंत निर्धास्त, शीर उत्तम असेल तर ५. निळा २२ गेज चांगल्या शिरेत ३ पर्यंत. पिवळा २४ गेज १ ते १.५, आणि तेही नाइलाज असेल तेव्हाच. सेकंदाला ३ मिली किंवा त्याहून जास्त वेग लागणार असेल तर शक्यतो २० गेज किंवा मोठा लावावा, ही शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या कॉन्ट्रास्टविषयक मार्गदर्शिकेतही आहे. मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर इंट्राकॅथ असेल तर वेग १.५ च्या वर नेऊ नये, हेही तिथेच सांगितलंय. या दुसऱ्या वाक्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. रंग गुलाबी दिसला की सगळे निश्चिंत होतात, आणि तो गुलाबी असतो अंगठ्याच्या मुळाशी.

इंट्राकॅथ ठीक, तरी अडतं

आता खरा घोळ. इंट्राकॅथ गुलाबी, कोपरात, सलाईन छान चाललंय, आणि तरी लिमिट. अशा वेळी इंट्राकॅथ आणि इंजेक्टरच्या मधे काय आहे ते बघा. मला सर्वाधिक वेळा सापडतो तो थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांचा खटक्याचा जोड. कॅज्युअल्टीत अँटिबायोटिक द्यायला सोयीचा म्हणून लावलेला असतो, आणि पेशंट सीटीत येतो तोही त्याच्यासकट. साधा थ्री-वे या दाबासाठी बनवलेला नसतो. आतली वाट अरुंद असते, खटका थोडा तिरका राहिला तर ती आणखी बंद होते, आणि जोर जास्त झाला की खटक्याच्या बुडातूनच डाय झिरपते. काढून टाका. सीटीसाठी तो नकोच.

दुसरी गोष्ट पीएमओ लाइन. आयसीयूतून आलेल्या पेशंटच्या हाताला ही बारीक लांब नळी हमखास असते. सिरिंज पंपाने तासाला दोन-चार मिली औषध द्यायला ती चांगली, कारण तिच्यात औषध कमी साठतं. पण तिचा बारीकपणाच इंजेक्टरला नडतो. इंजेक्टरची मूळ हाय-प्रेशर लाइन थेट इंट्राकॅथला जोडावी. मधे हवंच असेल तर पॉवर इंजेक्शनचा शिक्का असलेलं आखूड एक्स्टेन्शन, रुंद नळीचं आणि लुअर लॉकचं, म्हणजे पिळून घट्ट बसणारं. नुसतं दाबून बसवायचं स्लिप तोंड या कामाला चालत नाही.

तिसरं, सुईविना जोडायचे कनेक्टर. काहींवर दाबाची मर्यादा छापलेली असते, बऱ्याच जणांवर काहीच नसतं. नसेल तर काढा, तोंड स्पिरिटने पुसा, जोडा. आणि चौथं, आपल्याकडच्या बहुतेक इंट्राकॅथला वरच्या बाजूला इंजेक्शन द्यायचं झाकणाचं तोंड असतं. त्याच्या आत रबरासारखी छोटी झडप असते. खूप दाबाला कधी कधी तिथून गळतं. डाय देताना त्या झाकणाभोवती ओलं दिसलं तर शिरेला दोष देऊ नका. त्या जातीचा इंट्राकॅथ इंजेक्टरवर वापरणं थांबवा आणि बिनझाकणाचा, शिक्क्याचा मागवा.

यातूनच प्रेशर लिमिट किती ठेवायचं ते ठरतं. मार्गातल्या सर्वांत कमी मर्यादेच्या तुकड्याएवढं, त्याहून एक पीएसआय जास्त नाही. इंट्राकॅथ ३०० चा आणि एक्स्टेन्शन १५० चं, तर लिमिट १५०. लिमिट आलं म्हणून ते वाढवून पुन्हा सुरू करणं हा मला या सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा प्रकार वाटतो. मर्यादा वाढवल्याने वाट रुंद होत नाही.

कधी आलं त्यावरून कारण शोधा

प्रेशरचा आलेख बघायची सवय लावा. सुरू केल्याबरोबर रेघ सरळ वर जाऊन लिमिटला टेकली, तर काहीतरी बंद किंवा बारीक आहे: क्लँप लागलेला, थ्री-वे तिरका, पीएमओ लाइन, किंवा मागितलेला वेग त्या गेजला झेपणारा नाही. सुरुवात नीट होऊन मधेच रेघ चढू लागली, तर हात बघा. पेशंटने दोन्ही हात डोक्यावर नेले की कोपर वाकतो आणि कोपराच्या घडीतली नळी दुमडते. वयस्कर माणसांना, विशेषतः आयुष्यभर भातलावणी आणि ओझी करून खांदे आखडलेल्या आजींना, हात पूर्ण वर जातच नाही. त्यांना जबरदस्ती करू नका. त्या हाताखाली उशी द्या, कोपर सरळ राहील एवढाच वर घ्या. टेबल आत गेल्यावर लाइन कुठे अडकते, हाताखाली दबते का, हे टेबल पुढे-मागे करून आधीच बघून घ्या.

रेघ एकदम खाली पडली तर जोड सुटलाय किंवा नळी फुटलीय. तत्काळ थांबवा.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी: डाय शिरेबाहेर जात असेल तर आलेखात काहीच वेगळं दिसणार नाही, असं सहज होतं. बाहेरचा मऊ भाग डाय सामावून घेतो आणि प्रेशर नेहमीसारखंच राहतं. म्हणून पहिली काही सेकंदं बोट त्या जागेवर हवं. हातमोजा घालून, शिरेच्या वरच्या अंगाला, इंट्राकॅथच्या टोकाच्या थोडं पुढे. स्कॅन सुरू होण्याआधी बाहेर यायला वेळ मिळतो.

पेशंटलाही आधी सांगून ठेवा. डाय गेली की अंगभर गरम वाटेल, घशात ऊब येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल; ते सगळं नेहमीचं. पण त्याच हातात चुरचुरलं, ताण आला, दुखलं, तर लगेच ओरडा. आमच्याकडे प्रमाण मराठीत विचारलं की ‘नाही नाही, ठीक आहे’ म्हणतात. मालवणीत ‘आजये, हात ताणल्यासारखो वाटता काय?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

सलाईन जातं, डाय जात नाही

हे कोडं सर्वांना पडतं. टेस्ट म्हणून ४ च्या वेगाने २०-३० मिली सलाईन सोडलं, प्रेशर मस्त, लगेच डाय लावली आणि लिमिट. कारण घट्टपणा. सलाईन पाण्याएवढंच पातळ, म्हणजे चिकटपणा सुमारे १ सेंटिपॉइज. आयोहेक्सॉल ३५० ही डाय (३५० म्हणजे एका मिलीत ३५० मिलिग्रॅम आयोडीन) २० अंशांना सुमारे २०, म्हणजे वीसपट. तेच ३७ अंशांना सुमारे १०. आयोडिक्सॅनॉल ३२० तर २० अंशांना २६-२७ आणि ३७ अंशांना १२ च्या आत. आयोहेक्सॉल ३०० हे २० अंशांनाही १२ च्या आसपास असतं, म्हणजे गरम केलेल्या ३५० च्या जवळपास.

आता आपल्याकडची हवा लक्षात घ्या. बाहेर मे महिन्यात घामाच्या धारा, त्यामुळे बाटली थंड असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. पण बाटल्या सीटीच्या खोलीत असतात, आणि ती खोली मशीनसाठी दिवसरात्र वीस-बावीस अंशांवर असते. पावसात लाइट गेली की सीटी युपीएसवर राहतं आणि बाटल्या गरम करायचा वॉर्मर मात्र साध्या प्लगवर असतो. सकाळी वॉर्मरचा आकडा ३७ दिसतो, बाटली अजून गार असते. ‘कधी येतं, कधी येत नाही’ अशी तक्रार असेल तर लिमिट आलेल्या दिवसांच्या नोंदीसमोर आदल्या रात्री लाइट गेली होती का ते लिहून बघा. वॉर्मर युपीएसवर घेतला आणि बाटली आत ठेवल्याची तारीख तिच्यावर लिहायची शिस्त लावली की बराच त्रास संपतो. किती दिवस गरम ठेवता येते ते त्या त्या डायच्या माहितीपत्रकात असतं. मायक्रोवेव्ह किंवा गरम पाण्याची बादली, हे दोन्ही नको.

सलाईन टेस्ट तरीही सोडू नका. तिने शीर कळते, नळीचं टोक कळतं. डाय जाईल की नाही हे तिने कळत नाही, एवढंच. रक्त मागे येत नाही म्हणून इंट्राकॅथ बाद, असंही नाही. बारीक शिरेत पुष्कळदा येत नाही. आणि अडलेला इंट्राकॅथ २ मिलीच्या सिरिंजने जोर लावून मोकळा करायला जाऊ नका. छोट्या सिरिंजने हाताच्या जोरावरही फार मोठा दाब निर्माण होतो. १० मिलीची घ्या, नाही गेलं तर दुसरी जागा शोधा.

निळाच आहे, दुसरी शीर नाही

अशा वेळी नुसता वेग कमी करून चालत नाही, बाकीचं गणितही बदलावं लागतं. रक्तवाहिनी किती उजळेल ते सेकंदाला किती आयोडीन जातं यावर ठरतं. ३५० ची डाय ४ च्या वेगाने म्हणजे सेकंदाला १.४ ग्रॅम आयोडीन. निळ्यातून ३७० ची डाय, नीट गरम केलेली, ३ च्या वेगाने दिली तर १.११ ग्रॅम. कमी पडलं. पण एक्स-रे नळीचा व्होल्टेज १२० केव्हीऐवजी १०० केव्ही ठेवून स्कॅन केला तर एक्स-रेची ऊर्जा आयोडीनच्या ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या के-एजच्या (जिथपासून आयोडीन एक्स-रे एकदम जास्त शोषतं त्या ऊर्जेच्या) जवळ येते आणि तेच आयोडीन साधारण पाव पट जास्त उजळ दिसतं. १.११ ची सव्वापट १.३९. म्हणजे जवळपास तिथेच आलो, आणि रेडिएशनही कमी. पेशंट सडपातळ असेल तर हे फार छान जमतं. जाड पेशंटमध्ये चित्रात दाणे वाढतात, तिथे रेडिऑलॉजिस्टना विचारूनच. डायच्या मागून त्याच वेगाने ३०-४० मिली सलाईन सोडलं तर दंडाच्या शिरेत अडकून राहणारी डायही कामी येते. सिंगल हेड इंजेक्टर असलेल्या सेंटरांना हा फायदा मिळत नाही.

इंजेक्टरच्या नोंदीत प्रत्यक्ष गेलेला वेग बघायचा विसरू नका. मागितले ४, गेले २.६, हे तिथे दिसतं. तिथे ४ च दिसत असेल आणि तरी पल्मनरी अँजिओ फिका असेल, तर इंट्राकॅथला दोष देऊ नका. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटल्यावर पेशंटने छातीभर श्वास ओढला की पोटाकडून बिनडायचं रक्त हृदयात जास्त येतं आणि नेमक्या क्षणी डाय पातळ होते. साधा श्वास घेऊन थांबा, एवढंच सांगायचं.

पोर्ट, पीआयसीसी आणि राखायचे हात

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेऊन गावी आलेले पेशंट फॉलोअपच्या सीटीला आपल्याकडे येतात. त्यांच्या छातीत केमो पोर्ट (कातडीखाली बसवलेली केमोची डबी) असतो किंवा दंडात पीआयसीसी (दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली लांब नळी). घरचे म्हणतात, सुई नको, यातूनच द्या. पोर्टमधून इंजेक्टरने देता येतं, पण पोर्ट पॉवर इंजेक्शनचा असेल आणि टोचायची ह्यूबर सुईही त्याच दर्जाची असेल तरच. पेशंटकडे पोर्टचं कार्ड असतं, ते मागा. पीआयसीसीवर, बहुतेक वेळा जांभळ्या रंगाच्या, कमाल वेग छापलेला असतो. छापलेला नसेल तर इंजेक्टर जोडायचा नाही. साधा सेंट्रल लाइन किंवा डायलिसिस कॅथेटर, त्यालाही हाच नियम.

डायलिसिसच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेच्या) हाताला हात लावायचा नाही. किडनीच्या ज्या पेशंटला पुढे फिस्टुला लागणार आहे त्याच्या कोपराखालच्या शिराही राखायच्या असतात. तिथे हाताच्या पाठीवर इंट्राकॅथ आणि कमी वेग, अशी तडजोड करावी लागते. सोनोग्राफीखाली दंडातल्या खोल शिरेत लावलेला साधा इंट्राकॅथ मला मात्र नको वाटतो: शीर खोल असल्याने नळीचा थोडाच भाग आत असतो, आणि डाय बाहेर गेली तरी वरून लवकर दिसत नाही. लावायचाच तर लांब नळीचा.

पाठवणाऱ्या सिस्टरांना

देवगड, मंडणगड, राजापूर, दोडामार्ग इथून पेशंट १०८ मधून येतो तेव्हा पहिला इंट्राकॅथ तुम्ही लावलेला असतो. पुढे सीटी अँजिओ लागू शकेल असं वाटणारा पेशंट असेल, म्हणजे अचानक धाप, छातीतली कळ पाठीत जाणारी, हायवेवरचा अपघात, आंब्याच्या हंगामात झाडावरून पडलेला, तर पहिल्याच टोचण्याला गुलाबी लावा. शक्यतो उजव्या हाताला, कोपराच्या घडीत किंवा तिच्या जरा खाली. झाडावर चढणाऱ्या माणसाच्या हाताला शिरा दोरीसारख्या असतात, तिथे हिरवाही सहज जातो. तीच शीर आधी निळ्याने टोचून फुटली की सीटीत आल्यावर आम्हाला ती मिळत नाही.

आणि चिकटवणं. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की मायक्रोपोर तासाभरात उचलतो. त्यात घामाचा हात, आणि आपल्या माणसांच्या हाताला खोबरेल तेल. आधी साबणाच्या ओल्या कापसाने तेल काढा, कोरडं करा, मग स्पिरिट, आणि ते पूर्ण वाळू द्या. ओल्यावर चिकटवलेलं काहीच टिकत नाही. पारदर्शक ड्रेसिंग लावलंत तर जागा आम्हाला उघडून बघावी लागत नाही. रेफरल चिठ्ठीवर गेज, जागा आणि लावल्याची वेळ लिहिलीत तर फारच मोठी मदत होते.

बाहेर गेलीच तर

थांबवा. इंट्राकॅथ काढा, हात हृदयापेक्षा वर ठेवा, थंड शेक द्या. काही ठिकाणी गरम देतात, दोन्ही चालतात. सुईने डाय ओढून काढायचा प्रयत्न करू नका, त्याने फायदा होत नाही. चोळू नका, घट्ट बांधू नका. किती मिली गेली असावी, कुठे, किती वाजता, हे लिहा आणि सुजेच्या कडेवर पेनाने खूण करा. बहुतेकांची सूज आपोआप उतरते. पण दुखणं वाढत गेलं, बोटं बधिर किंवा गार पडली, बोटं हलवताना कळ आली, कातडीवर फोड आले, तर सर्जनना तेव्हाच बोलवायचं. थोडीच डाय गेलीय म्हणून निर्धास्त राहू नका. मनगटाजवळच्या अरुंद जागेत थोडीही पुरते.

घरी सोडायचं ते रेडिऑलॉजिस्टनी पुन्हा हात बघितल्यावर, सूज वाढत नाही हे कळल्यावर. पेशंटचं गाव किती लांब आहे आणि शेवटची एसटी कितीला आहे हे विचारा. रात्री हात बिघडला तर परत यायला गाडी नसेल अशा वाडीतला पेशंट असेल, तर त्याला त्या रात्री वॉर्डातच ठेवून घ्या, आणि कुठला त्रास झाला तर सिस्टरला उठवायचं ते त्याच्यासोबतच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगा.